काशीदांच्या रस्त्यावरचं वाक्य

मास्तर,

छापखान्यातून आज सकाळी पुन्हा फोन आला. इरण्णांना फोनवर हळू बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणाले, "बाई, बाकीचं सगळं पुस्तक लागलंय, तुमचं एक पान अडलंय. ते वाक्य ठेवायचं का काढायचं, तेवढं सांगा की." मी म्हटलं, उद्या सांगते. कालही मी हेच म्हटलं होतं.

ते पान माझ्यासमोर आहे. मी चष्मा काढते, पुसते, पुन्हा घालते. उठून गॅलरीत जाते, कपडे वाळले का बघते, ते ओलेच असतात, परत येऊन बसते. वाक्य जिथल्या तिथे आहे. तुम्ही रविवारी येणार होतात. तुम्ही शुक्रवारीच गेलात.

वाचनालयाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहा असं मला सांगितलं आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, सत्कार असलं काही मला लिहिता यायचं नाही. ते शोकसभेत वाचून झालं, आणि त्यात तुमच्या गावाचं नाव चुकलं होतं. खरं म्हणजे मला अजून तुमच्यासाठी नीट रडताही आलेलं नाही. आपलं भांडण अर्ध्यावर आहे. ज्याच्याशी भांडण चालू आहे त्याच्यासाठी रडायला कसं बसायचं, हे मला समजत नाही. म्हणून आधी भांडण लिहून काढते.

तुम्ही पहिल्यांदा वाचनालयात आलात तेव्हा हस्तलिखित खताच्या रिकाम्या पिशवीत होतं. मी मुद्रितं तपासते असं कोणी तुम्हाला सांगितलं होतं. पुण्याच्या एका प्रकाशकाने ते बरेच दिवस ठेवून घेऊन परत पाठवलं होतं आणि वर सुचवलं होतं की नुसती झाडं खपत नाहीत, त्यात एखादी गोष्ट घाला. तुम्ही मला ते हसत सांगितलंत. "झाडात गोष्ट न्हाय म्हनत्यात. एकदा हिवराखाली बसा म्हनावं. काटं टोचलं की आपोआप सुचंल." मी फारशी हसणारी बाई नाही, पण तेव्हा हसले होते. दुसऱ्या प्रकाशकाने पुस्तक घेतलं, निम्मी अक्षरजुळणी केली आणि दुकानच बंद केलं. शेवटी लग्नपत्रिका आणि शाळांच्या उत्तरपत्रिका छापणाऱ्या इरण्णांनी ते छापलं. तेव्हा ते पुस्तकंही छापायचे. आता त्यांच्याकडे फ्लेक्सची मशीनं आहेत. तुमच्या पुस्तकासाठी ते मध्येच एक मशीन थांबवतात, आणि थांबवल्याचं मला प्रत्येक फोनवर सांगतात.

पुस्तक विकायची तुमची रीत तर कुठल्याच प्रकाशकाला झेपली नसती. खड्डा दाखवा आणि पुस्तक घ्या. पुस्तकाबरोबर रोप फुकट, पण माणसाने आधी खड्डा खणलेला पाहिजे, आणि तो तुम्ही स्वतः मोपेडवर जाऊन बघणार. खडक लागला असेल तर आणखी खणा म्हणणार. लोक एका पुस्तकासाठी इतकं कशाला करतील? मी तुम्हाला हे किती वेळा सांगितलं. तुम्ही म्हणायचात, "वाचनारा कमी मिळाला तर चालंल बाई, पन खड्डा खोल पायजे." गठ्ठे तुमच्या पलंगाखाली गेले, मग पलंगाच्या बाजूने वर आले. काकू म्हणायच्या, घरात सून आणायची म्हटली तर बसवायची कुठं, पुस्तकांवर?

तुमची लिहिण्याची पद्धत मी इतर कोणात पाहिली नाही. सकाळी मोपेडला दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन बांधून तुम्ही रस्त्याला लागायचात. एका झाडाला पाणी घालायचं आणि ते जिरेपर्यंत तिथे उभं राहायचं. तेवढ्यात एक वाक्य सुचायचं. पुढच्या झाडापर्यंत ते तोंडात घोळवायचं, तिथे पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं. घरी आल्यावर चहाच्या आधी सगळं उतरवून काढायचं. मी म्हणायचे, तुमचं वाक्य कधी लांबत नाही, कारण आपल्या मुरमाड जमिनीत पाणी पटकन जिरतं. तुम्हाला ते आवडलं होतं. आणि पावसाळ्यात तुम्ही काहीच लिहायचा नाहीत, कारण पाणी घालायला जायचं नसायचं. चार महिने माझ्याकडे नुसते येऊन बसायचात, वर्तमानपत्रातल्या चुका काढायचात आणि चहात साखर कमी आहे म्हणायचात.

त्या बैठकांचं माझ्यावर किती ऋण आहे, हे मी कधी बोलले नाही. आमच्या घरात तेलुगू बोलतात. आजोबा मागाच्या कामासाठी तिकडून सोलापुरात आले, वडिलांचा जन्म इथला, माझाही इथला. तरी पन्नाशी उलटली तरी मला कोणी ना कोणी म्हणतं, तुमचं मराठी अगदी आमच्यासारखं आहे हो. कौतुकानेच म्हणतात. मी मान हलवते. तुम्ही मात्र घरी काय बोलता एवढं विचारलंत, आणि लगेच पुढचं विचारलंत की कडुलिंबाला तुमच्यात काय म्हणतात. मी म्हटलं, वेपा. चिंचेला? चिंत. करंजाला मला आठवेना, तर आईला फोन लावायला लावलात. कानुग. ती सगळी नावं पुस्तकात मराठी नावांच्या शेजारी आली. माझ्या आईची भाषा छापलेली मी पहिल्यांदा तुमच्या पुस्तकात पाहिली. आईला दाखवलं. तिला मराठी अक्षरं नीट वाचता येत नाहीत, तिने त्या शब्दांवरून नुसतं बोट फिरवलं.

आणि त्याच पुस्तकात, मास्तर, ते वाक्य होतं.

काशीदांचं प्रकरण. कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ती दुहेरी रांग तुम्हीच लावलेली होती, तरुणपणी, सरकारी वृक्षारोपणाच्या दिवसांत. गुरं काशीदाला तोंड लावत नाहीत, कुंपण लागत नाही, पाणी कमी पुरतं, म्हणून सगळीकडे काशीदच लावायची रीत होती. पुढे तुमचं वाचन वाढलं, डोळे उघडे ठेवून हिंडलात, आणि आपण चुकलो असं तुम्हाला वाटायला लागलं. पाखरं त्यावर फारशी घरटी करत नाहीत, खाली गवत धड येत नाही. इथे लिंब लावायला हवा होता, करंज, हिवर, बाभूळ लावायला हवी होती. ते सगळं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत आणि शेवटी हे वाक्य ठेवलंत:

"काशीद हे परकं झाड, ते सावली देतं, पण माती त्याला आपलं म्हणत नाही."

मी मुद्रितं तपासताना लेखकाचा शब्द कधी बदलत नाही. शंका आली तर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करते. हे माझं सुरुवातीपासूनचं. त्या वाक्यासमोर मी प्रश्नचिन्ह केलं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "काय चुकलं?" मी म्हटलं, चुकलं काही नाही, फक्त हे कोणीतरी झाडाबद्दलच वाचेल असं नाही. तुम्ही म्हणालात, "बाई, ते झाडाबद्दलच हाय की." मग चहा आला, आणि वाक्य तसंच छापलं गेलं.

आपल्या भागाचे पुढारी भाऊ, काशीदं लावली तेव्हा दुसऱ्या पक्षात होते. त्या रांगेतल्या पहिल्या झाडाला त्यांनी तुमच्या शेजारी उभं राहून पाणी घातल्याचा फोटो तुमच्या घरात अजून आहे, गळ्यात तेव्हाच्या रंगाचा गमछा. मग वारं फिरलं, भाऊही फिरले. गमछा बदलला, गाडी बदलली, घोषणा बदलल्या, हसणं तेवढं राहिलं. इरण्णा म्हणायचे, माझ्याकडे भाऊंचा फोटो एकच आहे, मागचा रंग तेवढा दर निवडणुकीला बदलून देतो. तुम्ही त्यांच्यावर कधी चिडला नाहीत, हे मला खटकायचं. तुम्हाला वाटायचं, ज्याने एकदा झाडाला पाणी घातलं तो अगदीच वाया जात नाही.

रस्ता रुंद करायचा ठरला. त्याच्या सभेत भाऊंनी तुमचं पुस्तक हातात धरून वाचून दाखवलं. "हे मी म्हणत नाही, आपले मास्तर म्हणतात. काशीद परकं झाड आहे. माती त्याला आपलं म्हणत नाही. मग आपण कशाला म्हणायचं?" लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी मागच्या रांगेत होते, तुम्ही पुढे. तुमची मान मला मागून दिसत होती. ती हलली नाही.

झाडांवर नोटीस लागली तीत तेच होतं, सरकारी मराठीत. सदर वृक्ष परकीय प्रजातीचे असून स्थानिक वृक्षअभ्यासकांनीही त्यांच्या अनुपयुक्ततेबाबत लिहिले आहे. नाव नव्हतं, पण स्थानिक वृक्षअभ्यासक आपल्या गावात दुसरा कोण आहे? तुम्ही हरकत लिहून दिलीत. लिंब लावा म्हणालो होतो, काशीद तोडा म्हणालो नव्हतो. पुस्तकाचं पुढचं पान वाचा, तिथे लिहिलंय की उभं झाड पाडून नवं लावू नका. पुढचं पान कोणी वाचलं नाही. ऐकून घेतलं, पोच दिली, झालं.

मग तोडायचा दिवस. 

आम्ही वाचनालयातली काही मंडळी हातात फलक घेऊन सकाळीच जाऊन उभे होतो. आम्हाला घोषणा देता येत नाहीत, त्यामुळे नुसते उभे होतो. करवत घेतलेली माणसं आली, जेसीबी आला, दोन पोलीस आले. आणि मग तुम्ही आलात, डोक्याला पंचा बांधून, खांद्यावर कुऱ्हाड घेऊन. मला वाटलं, मास्तर आता झाडापुढे उभे राहणार. पोलिसालाही तसंच वाटलं असावं, तो पुढे झाला. तुम्ही त्याला म्हणालात, "अडवायला न्हाय आलो. ही मी लावलेली हायती. पयला घाव माजा."

आणि तुम्ही पहिल्या झाडापाशी गेलात. बुंध्याला हात लावलात. त्याच्याभोवतीची माती ओली होती. आदल्या संध्याकाळी तुम्ही सगळ्या रांगेला पाणी घालून गेला होतात, हे चहाच्या टपरीवाल्याने नंतर सांगितलं. तो म्हणत होता, उद्या तोडायच्या झाडाला पाणी घालणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. तुम्ही एक घाव घातलात आणि पुढच्या झाडाकडे गेलात. तिथे एक. मग पुढे. तुमच्या मागून करवत येत होती. आमच्यासमोरून जाताना तुम्ही आमच्याकडे पाहिलं नाहीत. मी फलक खाली ठेवला.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर होता. ज्येष्ठ लेखकाने स्वतः घाव घालून विकासाला दिला पाठिंबा. खाली टाळ्यांची चित्रं.

संध्याकाळी मी तुमच्याकडे आले तेव्हा काकूंनी चहा टाकला होता. मी तो प्यायले नाही. मी तुम्हाला काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. मीही विसरलेले नाही, आणि त्यातलं काही परतही घेत नाही. मी म्हटलं, तुम्ही त्यांना हवं ते दिलंत. आधी वाक्य दिलंत, मग फोटो दिलात. तुम्ही मान खाली घालून तळहाताला आलेले फोड बघत होतात. म्हणालात, "अडवलं असतं तर उद्या तोडली असती. परक्या हातानं."

"झाडाला काय फरक पडतो मास्तर, हात कोणाचा याने?"

"झाडाला न्हाय पडत. मला पडतो."

मी म्हटलं, म्हणजे हे सगळं तुमच्या स्वतःच्या समाधानासाठी होतं. तुम्ही म्हणालात, "व्हय." एवढंच. त्या व्हयवर मी उठून आले.

घरी येताना मला तुम्ही सांगितलेली चिंचेची गोष्ट आठवली, आणि त्यामुळे राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. करमाळ्याकडे पुस्तकांच्या कार्यक्रमाला गेलो होतो तेव्हा तुम्ही गाडी उजनीच्या पाण्याकडे वळवायला लावली होती. काठाने ऊस, केळी, पाण्यात सोडलेल्या मोटारींचे पाइप. त्या पाण्याकडे बोट करून तुम्ही म्हणालात, आमचं घर तिथं. जसं कोणी पलीकडच्या गल्लीतलं घर दाखवावं तसं. धरणाचं पाणी चढत येणार हे ठरल्यावर ठेकेदार लाकडासाठी झाडं तोडत हिंडत होते. तुमच्या वडिलांनी दारातली चिंच ठेकेदाराला तोडू दिली नाही. आपल्या बापाने लावलेली आहे, आता बाप नाही तर मी, असं म्हणून त्यांनी स्वतः पहिला घाव घातला. आणि आदल्या दिवशी तिला घागरभर पाणी घातलं. सगळं गाव पाण्याखाली जाणार आणि हा माणूस झाडाला पाणी घालतोय, म्हणून लोक हसले होते. तुम्हीही हसलात सांगताना. नंतर घरातल्या कुठल्याही झाडाला, रस्त्यातल्या कुठल्याही झाडाला हात लावायची वेळ आली, विजेच्या तारेत फांदी आली किंवा कीड लागली, तर ज्याने लावलं त्याला बोलावून आणायचं, हा तुमचा नियम झाला. माणूस परगावी असेल तर तो येईपर्यंत फांदी तशीच राहायची. वायरमन तुमच्यावर वैतागलेले असायचे.

मला तो नियम तेव्हा काठावर उभी राहून सुंदर वाटला होता. रस्त्यावर तो मला भयंकर वाटला. अजूनही मला ठरवता येत नाही, मास्तर. वडिलांच्या वेळी पाणी येणारच होतं, ते कोणाच्या सांगण्याने थांबणार नव्हतं. रस्ता मात्र माणसांनी ठरवला होता. तुम्ही दोन्हींना एकाच मापाने मोजलंत. याचं उत्तर तुमच्याकडे होतं का? असेल तर तुम्ही ते घेऊन गेलात.

बरेच दिवस आपण बोललो नाही. मग एके दिवशी तुम्ही वाचनालयात आलात, पुन्हा त्याच खताच्या पिशवीत पुस्तकाची जुनी प्रत घेऊन. नवी आवृत्ती काढायची होती. इरण्णा तयार होते. तुम्ही समोर बसलात आणि नमस्कार चमत्कार न करता म्हणालात, ते वाक्य काढायचं.

मी नाही म्हटलं.

तुम्हाला ते अपेक्षित नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तुमीच तर तवा परश्नचिन्ह केलं होतं." मी म्हटलं, प्रश्नचिन्ह केलं होतं, काट मारली नव्हती. ते वाक्य खरं आहे की खोटं? तुम्ही म्हणालात, झाडापुरतं खरं. मी म्हटलं, मग ठेवा. "त्या वाक्यानं माजी झाडं खाल्ली बाई." मी म्हटलं, वाक्याने नाही खाल्ली, माणसांनी खाल्ली, आणि आता तुम्ही वाक्य काढलंत तर उद्या कोणाला कळणारही नाही की कशाच्या आधाराने खाल्ली. पुस्तक स्वच्छ होईल आणि रस्ता तसाच राहील.

आपले आवाज चढले असावेत, कारण वर्तमानपत्रं वाचणारे दोघेजण उठून बाहेर गेले.

मग मी तुम्हाला ते सांगितलं. बतुकम्माच्या सणाला आमच्याकडे फुलांची उतरंड रचतात, तीत तरवडाची पिवळी फुलं लागतात. शहर वाढलं, माळ गेले, तरवड मिळेनासा झाला. मग आई आणि आमच्या गल्लीतल्या बायका तुमच्या त्या रस्त्यावरून काशीदाची पिवळी फुलं आणायच्या. आई त्याला सीम तंगेडु म्हणते, म्हणजे विलायती तरवड. विलायती म्हणायची आणि देवीपुढे मांडायची, तिला त्यात काही अडचण वाटली नाही. माती काय म्हणते ते मला माहीत नाही, मास्तर, पण त्या झाडाला आपलं म्हणणारी माणसं होती. यंदा त्यांना फुलं मिळणार नाहीत.

तुम्ही जुनी प्रत पुन्हा पिशवीत घातलीत. मग म्हणालात, "हे तवाच का न्हाय सांगितलं?"

मी म्हटलं, तुम्ही काय चुकलं ते विचारलंत. काय आहे ते विचारलं नाहीत.

तुम्ही हसलात. तसं तुम्ही वाईट वाटलं की हसायचात. उठताना पिशवी तिथेच ठेवलीत आणि म्हणालात, "रविवारी येतो. तवर तुमी पेन्सिल लावू नका. वाक्य माजं हाय, मीच तोडनार." दारापाशी वळून पुढे म्हणालात, "आन चहा तेवढा नीट करा. साखर घाला."

शोकसभेला भाऊ आले होते. मास्तर म्हणजे आपल्या भागाची सावली, असं म्हणाले. रुंद झालेल्या रस्त्याच्या मधोमध जो दुभाजक आहे, तिथे तुमच्या स्मरणार्थ त्यांनी एक झाड लावलं. पाम. कुंडीतून काढलेला, तयार, माणसाच्या उंचीचा. फोटो झाले. मला हसावं की काय करावं ते कळेना. मी काकूंकडे बघितलं. काकू पदर तोंडाला लावून मला हळूच म्हणाल्या, "ह्यांनी हे बगितलं असतं तर परत एकदा गेलं असतं." त्या दिवशी हसणाऱ्या आम्ही दोघीच होतो. त्यानंतर काकू रडल्या. मी त्यांचा हात धरून उभी होते. त्या नव्या रस्त्यावर सावलीत उभं राहायला जागाच नव्हती.

काल मी काकूंना विचारायला गेले. म्हटलं, मास्तरांना ते वाक्य काढायचं होतं, मला ठेवायचं होतं, आता तुम्ही सांगाल ते करते. त्या परसात तुमच्या करंजाखाली बसून लसूण सोलत होत्या. करंजाची एक फांदी वाळून पार कौलाला टेकली आहे. म्हणाल्या, "मला काय इचारता. ह्यांच्या झाडाची वाळकी काटकी बी मी कदी मोडली न्हाय. हाक मारायची, मग ते येऊन तोडायचे." आणि वर त्या फांदीकडे बघून म्हणाल्या, "आता ती तशीच ऱ्हानार."

मी तिथून चालत त्या रस्त्याने घरी आले. मुद्दाम. कामावरून सुटलेल्या बायका डोक्यावर पदर घेऊन, जेवणाचा डबा कपाळाशी आडवा धरून चालल्या होत्या. मला तुमचा राग आला, भाऊंचा आला, माझा आला. मग कशाचाच आला नाही, नुसतं ऊन लागलं.

तर ऐका. तुमचा नियम मला आजही पटलेला नाही. पण तो तुमचा आहे, आणि मी तुमच्या शब्दाला हात लावत नाही. वाक्य तुम्ही लावलेलं होतं. ते तोडायला तुम्ही येणार होतात आणि तुम्ही आला नाहीत. दुसऱ्या कोणाला ते तोडता येणार नाही, मला तर नाहीच. म्हणजे भांडण मी जिंकले, तेही तुमच्याच नियमाने, आणि असं जिंकून काही मिळत नाही. तुम्ही समोर असतात, मी हरले असते आणि तुम्ही काट मारली असतीत, तर मी तुम्हाला साखर घालून चहा दिला असता. ते जास्त बरं झालं असतं.

आत्ता हे लिहिता लिहिता मी इरण्णांना फोन केला. म्हटलं, वाक्य आहे तसं ठेवा. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग म्हटलं, पहिल्या आवृत्तीच्या मुद्रितावर समासात माझं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे ना, तेही छापा. वाक्यासमोर, आहे त्याच जागी.

इरण्णा म्हणाले, "बाई, तुमची पेन्सिल पुसायची राहिली असं वाटंल की लोकांना. चूक दिसंल."

मी म्हटलं, दिसू दे. वाक्य मास्तरांनी लावलेलं आहे. प्रश्नचिन्ह मी लावलेलं आहे.